तारांखालची गणती

जगात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेला माळढोक मोठ्या प्रमाणावर मरतो तो बंदुकीने नव्हे, विजेच्या तारांना धडकून! पंधरा किलोपर्यंतचे हे धूड. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची तार दिसते तेव्हा वळायला अवसर नसतो.

राजस्थानच्या थरमध्ये अभ्यासक तारांखालून चालत मेलेले पक्षी मोजतात. मी पडलो मराठीचा मास्तर. पण ही गणती मला मोठी चतुर वाटली. कारण कोल्ही-कुत्री कलेवरे पळवतात. म्हणून कलेवर किती दिवस टिकते हे पाहून आकडा वाढवून धरावा लागतो. भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज असा, की ४,२०० चौरस किलोमीटरांत वर्षाला सर्व जातींचे मिळून सुमारे ८४ हजार पक्षी मरतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घेण्यास सांगितले. २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला अभयारण्य आहे. माळढोक मात्र दिसेनासाच झाला आहे.