बालकांचा संधिवात : संशोधनाची वाटचाल आणि आपल्यापुढील प्रश्न

संधिवात हा उतारवयाचा आजार आहे, ही समजूत आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की पाच वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला सूज आली तरी संधिवाताचा विचार घरच्यांच्याच नव्हे, तर पुष्कळदा डॉक्टरांच्याही मनात येत नाही. मूल सकाळी लंगडत उठते, तासा-दोन तासांनी मोकळे होऊन खेळू लागते आणि 'कुठेतरी पडला असेल' किंवा 'वाढीचे दुखणे असेल' एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक, वाढीच्या वयातील निरुपद्रवी दुखणे बहुधा रात्री होते, दोन्ही पायांत होते, आणि सकाळी त्याचा मागमूसही राहत नाही. दाहजन्य संधिवातात नेमके उलट घडते : सकाळचा ताठरपणा हीच त्याची खूण असते. लहान मूल दुखते म्हणून सांगतही नाही. ते फक्त मांडी घालून बसणे, धावणे किंवा पेन्सिल धरणे टाळू लागते.

सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे कोणतेही कारण न सापडलेला सांध्याचा दाह म्हणजे 'जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस', अशी व्याख्या आज जगभर मान्य आहे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली २२ मुलांच्या अभ्यासावरून, मुलांचा संधिवात ही प्रौढांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे, हे प्रथम दाखवून दिले. त्यानंतर अमेरिका आणि युरोप या दोन खंडांत शतकभर निरनिराळी नावे व निरनिराळे निकष प्रचलित राहिले, त्यामुळे एका देशाचे आकडे दुसऱ्या देशाच्या आकड्यांशी ताडून पाहणेच कठीण झाले. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने सात प्रकारांचे समान वर्गीकरण तयार केले व २००१ मध्ये एडमंटन येथे ते सुधारण्यात आले.

शरीर स्वतःशीच का लढते?

सांध्याच्या पोकळीला आतून एक नाजूक अस्तर असते. सांध्याला वंगण पुरविणारा द्रव तेच निर्माण करते. रोगप्रतिकारक पेशी या अस्तरात शिरून ठाण मांडतात तेव्हा ते फुगते, द्रव वाढतो आणि कालांतराने कूर्चा व हाड झिजू लागते. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. सूज असलेल्या सांध्याला रक्तपुरवठा जास्त होत असल्याने शेजारचे हाड वेगाने वाढते, आणि एका गुडघ्याला आजार झालेल्या मुलाचा तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. जबड्याच्या सांध्यात याउलट वाढ खुंटते व हनुवटी लहान राहते. म्हणूनच प्रौढांत काही महिन्यांचा विलंब जितका महाग पडतो, त्याहून तो मुलांत अधिक महाग पडतो.

मात्र सातही प्रकारांत यंत्रणा एक नाही. काही प्रकारांत लिम्फोसाइट पेशी शरीराच्याच घटकांना परके समजतात. हा खऱ्या अर्थाने स्वयंप्रतिकार आजार होय. 'सर्वांगीण' प्रकारात मात्र दोष जन्मजात प्रतिकारयंत्रणेत, म्हणजे शरीराच्या पहिल्या संरक्षक फळीत असतो. दररोज चढून उतरणारा ताप, फिकट गुलाबी पुरळ, वाढलेली प्लीहा व लसीकाग्रंथी ही त्याची लक्षणे. सावळ्या त्वचेवर हे पुरळ सहज दिसत नाही, आणि आपल्याकडे अशा मुलावर प्रथम विषमज्वराचे, मग हिवतापाचे उपचार होऊन जातात. या प्रकारात प्रतिकारपेशी अनिर्बंध चेतविल्या जाऊन काही दिवसांत जीव धोक्यात येऊ शकतो, हे लक्षात घेतले तर निदानाची घाई का हवी ते कळेल.

भारतातील चित्र पाश्चात्त्य देशांपेक्षा थोडे निराळे आहे. युरोपात सर्वाधिक आढळणारा, लहान मुलींच्या एक-दोन सांध्यांपुरता मर्यादित प्रकार आपल्याकडे तुलनेने कमी दिसतो. त्याउलट, अनेक सांध्यांचा आजार, तसेच मोठ्या मुलग्यांच्या गुडघे, घोटे व टाचांना ग्रासणारा आणि पुढे कंबरेच्या सांध्यापर्यंत पोचणारा प्रकार जास्त आढळतो. या दुसऱ्या प्रकाराचा 'एचएलए-बी २७' या जनुकीय खुणेशी निकटचा संबंध आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्यावर दीर्घकाळ काम केले आहे. चंदीगड येथील पदव्युत्तर संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तसेच दिल्ली व मुंबईतील काही रुग्णालये यांनीही या शाखेची पायाभरणी केली.

निदानातील आपल्याकडच्या अडचणी

रक्ताची एकच तपासणी करून हा आजार निश्चित करता येत नाही. संधिवाताची म्हणून ओळखली जाणारी 'आर. ए. फॅक्टर' ही चाचणी यांपैकी बहुसंख्य मुलांत नकारात्मक येते. दुसरीकडे, 'ए. एस. ओ.' ही चाचणी आपल्याकडे सर्रास केली जाते. ती वाढलेली आढळली म्हणजे मुलाला पूर्वी कधीतरी स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होऊन गेला, एवढाच तिचा अर्थ. तरीही केवळ या आकड्यावरून संधिवाताच्या ज्वराचे निदान होते आणि मूल वर्षानुवर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत राहते. संधिवाताच्या ज्वरात दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते व काही आठवड्यांत ओसरते. सहा आठवड्यांहून अधिक काळ एकाच जागी ठाण मांडलेली सूज ही वेगळी गोष्ट आहे. एकाच सांध्याला सूज असेल तर क्षयरोगाची शक्यताही आपल्या देशात आधी तपासावी लागते. आणि रात्री झोपेतून उठविणाऱ्या, सूज नसतानाही असह्य असणाऱ्या हाडांच्या वेदना असतील तर रक्ताचा कर्करोग नाही, याची खात्री झाल्याशिवाय स्टिरॉइड देणे घातक ठरते. कारण स्टिरॉइडमुळे तो काही काळ झाकला जातो.

डोळ्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगायला हवा. काही मुलांत डोळ्याच्या आतील भागाचा दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करीत नाही, आणि लक्षात येते तेव्हा दृष्टी गेलेली असते. जोखीम अधिक असलेल्या मुलांची दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून 'स्लिट लॅम्प' यंत्रावर तपासणी करणे, एवढाच त्यावर उपाय आहे. ब्रिटनमध्ये अशा ९० मुलांवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटच्या जोडीला अ‍ॅडालिमुमॅब दिल्यावर उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण ६० टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले.

औषधांचा प्रवास

शीतयुद्धाच्या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात ज्या थोड्या बाबतींत सहकार्य होते, त्यांत मुलांचा संधिवात हा विषय होता, ही माहिती अनेकांना आश्चर्याची वाटेल. आजार विरळ असल्याने एका देशात पुरेसे रुग्ण मिळत नाहीत, हे त्यामागचे साधे कारण. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संयुक्त चाचणीने पेनिसिलामाइन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही प्रचलित औषधे मुलांत निष्प्रभ गोळीपेक्षा सरस नाहीत, असे दाखविले. १९९२ साली १२७ मुलांवरील चाचणीत मात्र मेथोट्रेक्सेटच्या अल्प साप्ताहिक मात्रेने ६३ टक्के मुलांना आराम पडला. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. आजही हे औषध उपचाराचा कणा आहे. मूळचे आंध्रातील भीमावरमचे शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लविरोधी औषधांवर जे काम झाले, त्यातूनच ते पुढे आले. त्या वेळी उद्दिष्ट कर्करोगाचे होते.

पुढचा टप्पा जैविक औषधांचा. पेशी परस्परांना निरोप पोचविण्यासाठी जी प्रथिने वापरतात, त्यांपैकी एखादेच अडवायचे, ही त्यामागची कल्पना. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एटानरसेप्टच्या चाचणीत ६९ पैकी ५१ मुले सुधारली. त्यानंतर या ५१ मुलांपैकी काहींचे औषध चालू ठेवून इतरांना निष्प्रभ इंजेक्शन देण्यात आले : पहिल्या गटात २८ टक्के, तर दुसऱ्यात ८१ टक्के मुलांचा आजार उलटला. सर्व मुलांना आधी खरे औषध मिळावे, ही नैतिक अट सांभाळणारी ही पद्धत नंतर मुलांच्या अनेक चाचण्यांनी स्वीकारली.

सर्वांगीण प्रकाराचे कोडे मात्र या औषधाने सुटेना. २००५ मध्ये डल्लास येथील व्हर्जिनिया पास्कुअल व सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या रक्तद्रवात निरोगी पेशी ठेवल्या असता त्यांत इंटरल्युकिन-१ शी संबंधित जनुके जागी झाली. ते प्रथिन अडविणारे अनाकिन्रा नऊ मुलांना दिल्यावर सात जण पूर्ण बरे दिसू लागले. जपानमधील तादामित्सु किशिमोतो यांच्या इंटरल्युकिन-६ वरील मूलभूत संशोधनातून टोसिलिझुमॅब आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ मुलांवरील चाचणीत ८५ टक्के मुलांना त्याचा लाभ झाला, तर तुलनेच्या गटात २४ टक्क्यांना. आजाराचे नाव एक असले तरी यंत्रणा भिन्न आहे, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

उपलब्धतेचा प्रश्न

मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे. जैविक औषधे तशी नाहीत. अ‍ॅडालिमुमॅबची जगातील पहिली जैवसदृश आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपनीनेच बाजारात आणली, आणि तोंडाने घ्यावयाच्या टोफासिटिनिबची भारतीय बनावटीची पर्यायी औषधेही आता मिळतात. तरीही दीर्घकाळ घ्यावी लागणारी ही औषधे मुख्यतः बाह्यरुग्ण विभागात दिली जातात, तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा वार्षिक पाच लाख रुपयांचा लाभ रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित आहे. या दोहोंमधील अंतर कुटुंबाच्या खिशातून भरले जाते, आणि पैसे संपले की औषध थांबते. जैविक औषधांपूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी ही भारतात टाळता न येणारी पायरी आहे, तिचाही खर्च त्यात धरावा लागतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शाळांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याच्या मूळ तीस विकारांच्या यादीत संधिवाताच्या ज्वरामुळे होणारा हृदयविकार आहे, संधिवात नाही. वास्तविक त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. मुलाला चालायला, उकिडवे बसायला, दोन्ही हात जोडून कोपरे वर करायला आणि तोंड पूर्ण उघडायला सांगणे, ही दोन मिनिटांची तपासणी फिरत्या पथकातील कोणताही वैद्यकीय अधिकारी करू शकतो, आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे त्या मुलाला पाठविण्याची व्यवस्था या कार्यक्रमात आधीपासूनच आहे.