बायोडाटात दुकानाचे कामही लिहा

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांतून दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांत शिंपी, वेल्डर, फर्निचरवाले, गॅरेजवाले आणि किराणा दुकानदार यांची मुले-मुलीही असतात. नोकरीसाठी बायोडाटा करायची वेळ आली की यांतील बरीच मुले ‘अनुभव’ या शब्दापुढे ‘नाही’ असे लिहून मोकळी होतात. आठवीपासून अब्बांच्या गल्ल्यावर बसलेला मुलगाही हेच लिहितो. हे खरे नाही आणि नुकसानही त्याचेच आहे.

असे का होते? एक तर घरचे काम म्हणजे काम नव्हे, अशी समजूत असते. दुसरे म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातील तयार नमुना भरून आणला जातो. तो पुष्कळदा लग्नाच्या बायोडाटासारखाच असतो. उंची, वर्ण, भाऊ-बहिणी, मामाचे गाव! कारखान्याच्या मॅनेजरला यातले काहीच नको असते. नागापूर किंवा सुपे एमआयडीसीतील साहेबाला एवढेच पाहायचे असते, की हा माणूस आपल्याकडे कोणते काम करू शकेल.

व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गिऱ्हाईक आधी नमुना पाहते, मग भाव विचारते. बायोडाटा हा आपल्या कामाचा नमुना आहे.

काम कसे लिहावे?

समजा, मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वडिलांचे हार्डवेअरचे दुकान आहे. ‘दुकानात मदत केली’ एवढे लिहून कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘कौटुंबिक हार्डवेअर दुकान, चार वर्षे, रोज संध्याकाळी तीन तास. मालसाठ्याची नोंदवही ठेवली. टॅलीवर बिले केली. जीएसटी विवरणासाठी खरेदी-विक्रीचे कागद तयार केले. उधारीची वसुली केली.’ आता हाच मुलगा हिशेब जाणणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा ठरतो.

शिंपीकाम करणाऱ्या घरातील मुलीने मापे घेणे, कापड बेतणे, ठरलेल्या तारखेला माल देणे हे लिहावे. वेल्डरच्या मुलाने कोणते मशीन चालवता येते, नकाशा वाचता येतो का, हे लिहावे. जिथे आकडा देता येईल तिथे आकडा द्यावा. मात्र तो खरा असावा.

बाकीचा मजकूर

सर्वांत वर नाव, गाव, फोन आणि ई-मेल. ई-मेलचा पत्ता साधा, स्वतःच्या नावाचा असावा. त्याखाली दोन ओळींत आपण काय करू शकतो ते. मग शिक्षण, शेवटची परीक्षा आधी. त्यानंतर काम, एमएस-सीआयटी किंवा आयटीआयसारखी प्रमाणपत्रे आणि भाषा. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी यांपैकी कोणती बोलता येते, कोणती लिहिता-वाचता येते, ते वेगळे सांगावे. चार भाषांत गिऱ्हाइकाशी बोलू शकणारा विक्रेता कोणालाही हवाच असतो.

आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक बायोडाटात कधीही देऊ नये. मागितले नसेल तर वडिलांचे उत्पन्न, धर्म, वैवाहिक स्थिती लिहिण्याचीही गरज नाही. नव्या पदवीधराला एक पान पुरे. जाहिरातीत टॅली मागितले असेल तर टॅलीची ओळ वर घ्यावी. एकच कागद पन्नास ठिकाणी वाटू नये. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.

ओळखीची नावे देताना नातेवाईक टाळावेत. प्राध्यापक किंवा ज्यांच्याकडून माल घेतो असा ठोक व्यापारी, अशांची नावे त्यांना विचारूनच द्यावीत.

खोटे लिहू नका

पैसे देऊन अनुभवाचे खोटे दाखले मिळतात, असे कोणी सांगेल. त्या वाटेला जाऊ नये. मुलाखतीत दोन प्रश्नांत ते उघडे पडते. प्यारे नबी हजरत मुहम्मद (सल्ल.) यांना नबुव्वतीपूर्वीच मक्केतील लोक ‘अल-अमीन’ म्हणत. त्यांच्या सचोटीची कीर्ती ऐकूनच हजरत खदीजा (रजि.) यांनी आपला व्यापारी माल शामकडे नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. कामातील अमानतदारी हीच खरी शिफारस, हे आपण इथूनच शिकावे.

शेवटची गोष्ट पालकांसाठी. मुलाने दुकानात काय काय केले, हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त आठवते. एखाद्या रात्री इशाच्या नमाजनंतर त्याला जवळ बसवा, वही-पेन घ्या आणि कामांची यादी करा. दुकानाची उद्यम नोंदणी असेल तर लेटरहेडवर कामाचा कालावधी आणि स्वरूप लिहून सही-शिक्का द्या. पोरगा नोकरीला गेला तर हा कागद कामी येईल. उद्या दुकानातच परतला, तर आपल्याला काय येते हे त्याला कळलेले असेल. तेही थोडे नाही.