अलिबागचं वादळ, खाप्याचं आभाळ

खाप्यापासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. कन्हानकाठच्या या गावाला समुद्र माहीत तो मिठापुरता, फार तर बाजारातल्या सुक्या मासळीपुरता. तरी ३ जून २०२०च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जे चक्रीवादळ जमिनीवर चढलं, त्याचा उरलासुरला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिम विदर्भावर होता. नाव ‘निसर्ग’. बांगलादेशाने सुचवलेलं, आणि तेरा देशांनी मिळून केलेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतलं पहिलंच.

मे महिन्यात सावनेर तालुक्यातल्या नांगरलेल्या वावरात वावटळ उठते. तापलेल्या मातीवरची हवा वर जाते, भोवतालची धावत येते, धूळ-पाचोळा गरगरतो आणि दोन-चार मिनिटांत सगळं थंड. तिच्याजवळ ताप आहे, पण ओल नाही. समुद्रावर दोन्ही असतं. वाफेने हात किती पोळतो ते चुलीपाशी बसणाऱ्याला सांगायला नको. वाफेचं पाणी होताना पोटातली उष्णता बाहेर टाकली जाते. अरबी समुद्राचं पाणी २७ अंशांच्या वर तापलं, आणि तेही वरवर नाही तर बरंच खोलवर, की त्याची वाफ उंच जाऊन ढग होते, तिथे ही उष्णता सुटते, हवा आणखी वर उठते, खाली दाब आणखी उतरतो आणि नवी वाफ ओढली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आत धावणारा वारा वळतो आणि भोवरा बनतो. विषुववृत्ताला अगदी लागून मात्र हे वळण मिळत नाही, म्हणून तिथे चक्रीवादळं जवळजवळ होतच नाहीत.

एवढं सगळं जुळलं तरी वरचा आणि खालचा वारा भांडता कामा नये. भर पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर पूर्वेचा. वादळाचा खांब मधूनच तिरपा होतो, तुटतो. म्हणून अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मान्सूनच्या आगेमागेच येतात.

‘निसर्ग’ ३१ मे रोजी साधं कमी दाबाचं क्षेत्र होतं. २ जूनच्या दुपारपर्यंत वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरची मर्यादा ओलांडली आणि त्याला नाव मिळालं. आधी उत्तरेकडे निघालं होतं, मग ईशान्येला वळलं. वादळ स्वतःभोवती कितीही गरगरलं तरी वाट त्याची नसते. कन्हानच्या पुरातला ओंडकाही फिरत फिरत जातो, पण जातो प्रवाह नेईल तिकडे. वादळाचा प्रवाह म्हणजे वरच्या थरांतला वारा. त्याने ते रायगडकडे ढकललं. किनाऱ्यावर वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुंबई मार्गाच्या डावीकडे राहिली आणि बचावली. उजवीकडच्या श्रीवर्धन, दापोलीच्या वाट्याला मार आला, कारण त्या बाजूला भोवऱ्याच्या वाऱ्यात वादळाच्या चालीचा वेगही मिळतो. नारळी-पोफळीच्या बागा तिथे आडव्या झाल्या. नंतर जमीन लागली, वाफेचा पुरवठा तुटला, सह्याद्रीने वाऱ्याला अडवलं. विदर्भात पोचेपर्यंत वाऱ्याचं बळ गेलं होतं, ढग उरले होते. ४ जूनच्या संध्याकाळी तेही मध्य प्रदेशावर सरकले.

आता खरी पंचाईत. असं आभाळ रोहिणीत भरून येतं, सरी पडतात, मातीचा वास सुटतो, आणि तिफणीकडे हात जातो. हा मान्सून नव्हे. २०२० मध्ये तो ११ जूनला राज्यात आला, म्हणजे वादळाच्या पावसानंतर फार थांबावं लागलं नाही. पण वादळ नेहमी देऊनच जातं असं नाही. २०२३चं ‘बिपरजॉय’ ६ जूनला उठलं, समुद्रात रेंगाळत १५ तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ गेलं. ओलावा त्याने स्वतःकडे ओढून धरला. ११ जूनला कोकणात शिरलेला मान्सून तिथेच अडकला आणि विदर्भात आला तो २३ जूनला, मृग संपून आर्द्रा लागल्यावर. हे नावही बांगलादेशाचंच, अर्थ ‘आपत्ती’. कोरडवाहू शेतकऱ्याने याहून वेगळं नाव ठेवलं नसतं.

संत्र्याच्या बागायतदाराचं दुखणं आणखी निराळं. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून ताण दिलेला असतो. तो पुरा व्हायच्या आत अशी सर आली तर ताण तुटतो, झाड फुलांऐवजी नवतीकडे वळतं. कोरडवाहूवाल्याला निदान थांबता येतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं. मोबाइलवर वादळाचा पांढरा भोवरा दिसत असला तरी धुऱ्यावर उभा माणूस वखराच्या पासेने माती उकरून ओल किती खोल गेली तेच बघतो. वरची दोन बोटं भिजलेली असतात. त्याखाली काळी माती अजून मे महिन्याइतकीच तापलेली.