कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९१५ साली कोल्हापुरात ‘पॅलेस थिएटर’ उभे राहिले. पुढे त्यास ‘ललितकलादर्श’चे संस्थापक, संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. याच नाटक मंडळीचे पडदे रंगविणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट निर्माण केला. रंगभूमी व चित्रपट यांचे नाते या नगरीत असे जुळले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीस काही तासच उरले असताना, नाट्यगृहाचा रंगमंच व छप्पर आगीत भस्मसात झाले. त्यानंतर शासनाने पुनर्बांधणी हाती घेतली. हौशी नाट्यसंस्थांना आपल्या गावीच हक्काचा रंगमंच लाभला, तरच नवे कलावंत घडतात. या पुनर्बांधणीचे महत्त्व त्यातच आहे.