अणुइंधनाला हवा लागली तर काय होतं?

२६ एप्रिल १९८६. तत्कालीन सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. स्फोट काही सेकंदांचा होता, पण किरणोत्सारी द्रव्यं त्यानंतर जवळपास दहा दिवस बाहेर पडत राहिली. छप्पर उडाल्यामुळे तापलेल्या इंधनाला थेट हवा मिळत होती.

इथे एक प्रश्न पडतो. हे इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनशी आधीच जोडलेलं युरेनियम. मग त्याचं आणखी ऑक्सिडीकरण कसं होणार?

दगडाची होते पूड

युरेनियम डायऑक्साइडमध्ये युरेनियमच्या दर तीन अणूंमागे ऑक्सिजनचे सहा अणू असतात. गरम इंधनाला हवा लागली की ते आणखी ऑक्सिजन घेतं आणि सहाचे आठ होतात. या नव्या ऑक्साइडला सुमारे ३६ टक्के जास्त जागा लागते. त्यामुळे दगडासारखी घट्ट इंधनाची गोळी आतून तडकते आणि तिची पूड होते.

अणुविखंडनातून तयार झालेली झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडिन, सीझियम ही द्रव्यं याच गोळीत अडकलेली असतात. नुसत्या उष्णतेनेही ती बाहेर पडतात, पण गोळी फुटली की त्यांची वाट मोकळी होते.

रुथेनियमचं वेगळंच

रुथेनियम हा धातू उकळायला ४,००० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमान लागतं. त्यामुळे तो एरवी इंधनातच राहतो. पण तापलेल्या रुथेनियमला भरपूर ऑक्सिजन मिळाला, तर त्याचे वायुरूप ऑक्साइड तयार होतात आणि हवेबरोबर निघून जातात.

परिणाम काय झाला?

चेर्नोबिलच्या भट्टीतलं निम्म्याहून अधिक किरणोत्सारी आयोडिन आणि २० ते ४० टक्के सीझियम बाहेर पडल्याचा अंदाज आहे. आयोडिन गवतावर पडलं, तिथून गाईंच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या शरीरात गेलं. पुढे बेलारूस, युक्रेन आणि रशियात मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं.

म्हणूनच वापरलेलं इंधन भट्टीतून काढल्यावर काही वर्षं खोल पाण्यात ठेवतात. पाणी ते थंड ठेवतं आणि किरणोत्सारही अडवतं. पुढे कोरड्या पिंपांत हलवताना आत सहसा हेलियम भरतात, कारण हेलियमची इंधनाशी कुठलीच रासायनिक क्रिया होत नाही. थोडक्यात, इंधन थंड ठेवायचं आणि गरम असताना त्याला हवा लागू द्यायची नाही.