चौदा वाटेकरी, प्रत्येकाला अख्खं शेत

1964 चा नाताळ नुकताच होऊन गेला होता. अमेरिकेत आर्लिंग्टनहून केंब्रिजला जाणाऱ्या बसमध्ये आयबीएमचा एक तरुण अभियंता बसला होता, रॉबर्ट क्रीझी. उतरेपर्यंत त्याचं ठरलं होतं: वरिष्ठांची मोठी योजना येईल तेव्हा येईल, आपण आपली प्रणाली स्वतःच लिहायची.

या निर्णयामागे एक पराभव होता. त्याच वर्षी 7 एप्रिलला आयबीएमने सिस्टीम/360 ही यंत्रमालिका मोठ्या थाटात जाहीर केली होती. पण एमआयटीच्या संशोधकांना हवं होतं असं यंत्र, ज्यावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल आणि जे स्मृतीतले पत्ते चालता चालता बदलून देईल. 360 मध्ये ती सोय नव्हती. एमआयटीने जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं. क्रीझीला हे जास्तच लागलं असणार, कारण एमआयटीच्या सामायिक-वेळ प्रणालीवर त्याने स्वतः काम केलं होतं आणि आयबीएमचं त्याचं नवं केंद्र एमआयटीच्या सामायिक-वेळ प्रकल्पाच्याच इमारतीत होतं.

तोवरची रीत अशी, की एकच अगडबंब प्रोग्राम सगळ्या वापरकर्त्यांना सांभाळायचा. त्यात एक चूक झाली की सगळेच खाली बसायचे. क्रीझी आणि त्याचा सहकारी लेस कोमो यांनी या कामाचे सरळ दोन तुकडे केले. एक प्रोग्राम फक्त यंत्र वाटून देणार, बाकी कशात पडणार नाही. दुसरा एका माणसाची सेवा करणार. यंत्रावर आणखी कोणी आहे हे त्याला ठाऊकही नसणार. म्हणजे वापरकर्त्याला यंत्राचा वाटा द्यायचा नाही, अख्खं यंत्रच द्यायचं!

आपल्याकडे शेताची वाटणी होते तेव्हा चार भावांत चार एकर गेले की प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर एकच एकर उरतो आणि मध्ये बांध पडतो. इथे बांध हवा होता, पण कोणाचंही रान कमी व्हायला नको होतं.

बांध सापडला तो 360 च्या रचनेतच. या यंत्राला दोन अवस्था होत्या: एक मालकाची, दुसरी साध्या प्रोग्रामची. साध्या अवस्थेतल्या प्रोग्रामने मालकाचा हुकूम वापरला, समजा डिस्कला हात घातला किंवा स्मृतीचं कुलूप बदलायला गेला, तर यंत्र तिथेच थांबून मालकाला हाक मारायचं. ही व्यवस्था चुका पकडण्यासाठी होती. केंब्रिजच्या चमूने ती उलटी वापरली. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमलाच त्यांनी साध्या अवस्थेत बसवलं. तिने मालकी थाटात हुकूम सोडला की यंत्र थांबायचं, ताबा खालच्या नियंत्रक प्रोग्रामकडे जायचा, तो ते काम तिच्या वतीने करून द्यायचा आणि ती पुढे चालू लागायची. मध्ये कोणी आलं होतं याचा तिला पत्ता नसायचा.

उरला प्रश्न स्मृतीचा. त्यांच्याकडचं मॉडेल 40 होतं 256 के (किलोबाइट) स्मृतीचं, म्हणजे आजचा एक साधा फोटोही जीत मावणार नाही एवढीशी. तिची प्रत्येकी 4 के ची 64 पानं होत होती. अभियंत्यांनी यंत्राला एक खास पेटी जोडली. हवं ते पान आत्ता कुठे आहे, हे ती चौसष्ट नोंदी एकाच क्षणी तपासून सांगायची. नको असलेलं पान बाहेरच्या साठवणीत जायचं, हवं असलेलं आत यायचं. जानेवारी 1967 मध्ये त्यांची ही प्रणाली, सीपी-40, रोजच्या वापरात आली, ती 256 केच्या एका यंत्रावर 256 केची चौदा यंत्रं देत. माझ्या मते संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी बेरजांपैकी ही एक आहे.

ती बेरीज एका अटीवर टिकते: चौदाही जणांना सगळं एकाच क्षणी लागता कामा नये.

1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी बांधाचा नियम गणिताने मांडला. यंत्राच्या स्थितीला हात लावणारा प्रत्येक हुकूम साध्या अवस्थेत पकडला गेलाच पाहिजे. एकही गुपचूप निसटता कामा नये. घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या चिपांत नेमकं तेच होत होतं. सन 2000 च्या एका विश्लेषणात पेंटियमवर असे 17 हुकूम मोजले गेले. ते ना अडायचे, ना तक्रार करायचे. चुकीचं उत्तर देऊन पुढे जायचे. या चिपांवर आभासी यंत्र, म्हणजे क्रीझीच्या पद्धतीचं ‘अख्खं यंत्र’, व्हायचं नाही, असंच सर्रास मानलं जाई. स्टॅनफर्डच्या मेंडेल रोझेनब्लम यांनी डायन ग्रीन आणि इतर सहकाऱ्यांसह 1998 मध्ये काढलेल्या व्हीएमवेअरने मार्ग काढला: धोक्याचा कोड चालण्याआधीच वाचायचा आणि निसटणारे हुकूम बदलून टाकायचे. मे 1999 मध्ये त्यांचं पहिलं उत्पादन ग्राहकांच्या हाती पडलं. 2005 पासून इंटेलने बांध चिपमध्येच घातला.

मोठ्या सर्व्हरवर तोवर ही रीत रुळली होती. आयबीएमने 1988 मध्येच यंत्राच्या आतून पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र यंत्रासारखे चालणारे भाग, पाडण्याची सोय दिली होती. आज सर्व्हर सांभाळणारा माणूस पडद्यावर बसून ठरवतो, कोणत्या पार्टिशनला किती प्रोसेसर, किती स्मृती, आणि अडचणीच्या वेळी कोणाचं काढून कोणाला द्यायचं. अनेक यंत्रणांवर चालू पार्टिशन बंद न करताही हे करता येतं. महाराष्ट्र सरकारचा स्वतःचा महागव्ह क्लाऊडही याच शोधावर उभा आहे.

इथे गोंदियासारख्या धान पिकवणाऱ्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. अर्जुनी मोरगावचा किंवा आमगावचा शेतकरी हमीभावाने धान विकायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी करतो आणि त्यासाठी सातबारा काढतो. मळणी झालेली असते, पोती घरात असतात, मुदत जवळ आलेली असते आणि सेवा केंद्रावर सगळे एकाच आठवड्यात येतात. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द त्या रांगेत ऐकले नाहीत असा धान उत्पादक विरळा. दर वेळी दोष पार्टिशनचाच असतो असं नाही. लाइन जाते, कधी प्रोग्रामच अडतो. पण क्रीझीची बेरीज ज्या अटीवर उभी आहे ती अट धानाच्या हंगामात मोडते, कारण तेव्हा सगळ्यांना सगळं एकदमच लागतं. वर्षाच्या सरासरीवरून पार्टिशनचं माप ठरवलं तर ते नेमकं याच आठवड्यात अपुरं पडणार. खरीप धानाची नोंदणी कधी उघडते, उन्हाळी धानाची कधी, हे पत्रक पार्टिशन आखणाऱ्याच्या टेबलावर आधीपासून असलं पाहिजे आणि वाढीव प्रोसेसर-स्मृती त्या तारखांच्या अगोदरच राखून ठेवली पाहिजे. रांग लागल्यावर ती द्यायला निघालं, तर तोवर निम्मे लोक भाड्याचे पैसे खर्चून गावी परतलेले असतात.