देहूरोड : उसन्या नावाच्या गावाचा स्वतःचा इतिहास

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड हे गाव आपली जन्मकथा नावातच सांगते. हे नाव मुळात गावाचे नव्हे, स्थानकाचे. संत तुकोबांच्या देहूला जाणाऱ्यांनी जेथे उतरावयाचे, ते देहूरोड. नाशिकरोडप्रमाणेच रेल्वेने दिलेले हे नाव भोवतालच्या वस्तीला चिकटले.

खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई व पुणे सलग जोडली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच लोहमार्गालगत लष्करी साहित्याचे मोठे भांडार उभे राहिले. एका बाजूस मुंबई बंदर, दुसऱ्या बाजूस खडकी-पुण्याच्या छावण्या. युद्धसामग्रीसाठी याहून सोयीची जागा ती कोणती? परंतु भांडाराला रूळ लागतात, तसे हातही लागतात. माल उतरविणारे, वाहणारे, राखणारे कष्टकरी आले. त्यांत महाराष्ट्रातील दलित होते, तसेच दक्षिणेकडून आलेली कुटुंबेही होती. वस्ती वाढली ती यांच्या श्रमावर.

या वस्तीला इतिहासात स्थान मिळाले ते मात्र शस्त्रांमुळे नव्हे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बरोबर सत्तावीस वर्षांपूर्वी, याच तारखेस, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. नागपूरची धम्मदीक्षा अद्याप पावणेदोन वर्षे दूर होती. पंढरीचा विठ्ठल मूळचा बुद्धच होय, हे मत बाबासाहेबांनी या प्रसंगी मांडले. तेही तुकोबांच्या देहूपासून हाकेच्या अंतरावर. जवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. या परिसराला बुद्ध परका नव्हता. त्याचे विस्मरण झाले होते, एवढेच.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, देहूरोडचे कटक मंडळ १९५८ साली स्थापन झाले. म्हणजे गावाला नागरी कारभार मिळण्यापूर्वीच गावकऱ्यांनी आपले श्रद्धास्थान उभे केले होते.

भांडाराची नोंद सरकारी दप्तरात राहील, लोहमार्गाची रेल्वेच्या कागदांत. ज्यांनी ओझी वाहिली आणि विहारही उभारला, त्यांची नोंद कोण ठेवणार? ती पिढी आता थकली आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून त्यांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, कामाचे दाखले आजच जपून ठेवावेत. इतिहास घडविणाऱ्यांच्या लेकरांनी तो लिहिलाही पाहिजे.